बोडोतलं दै, ह्मोंगमधलं दे

पाण्याला बोडो भाषेत दै म्हणतात आणि ह्मोंग भाषेत दे. एक भाषा आसामातली, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठची. दुसरी दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस, थायलंडच्या डोंगरांतली. दोन्ही सुरांच्या भाषा, म्हणजे आवाजाची पट्टी बदलली की अर्थ बदलतो. दोन्हींत माणसं किंवा वस्तू मोजताना आकड्याला आणखी एक शब्द जोडावा लागतो. त्यात चारला इकडे ब्रै, तिकडे प्लाउ. एवढं हाताशी आलं की सोयरीक जुळवायचा मोह होतोच, आणि चेहरेपट्टी बघून भाषांचं नातं ठरवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही.

पण ही सोयरीक जुळत नाही. बोडो ही चिनी-तिबेटी कुळातली, त्यातल्या तिबेटी-बर्मी शाखेतली, ईशान्य भारतातल्या गारो, दिमासा, कोकबोरोक या भाषांची सख्खी बहीण. ह्मोंगचं कूळच वेगळं: ह्मोंग-मिएन. चिनी भाषेच्या शेजारात हजारो वर्षं काढल्यामुळे ह्मोंगमध्ये चिनी शब्दांचा भरणा आहे, पण उसनवारी म्हणजे नातं नव्हे. मराठीत फारसी शब्द ढिगाने आहेत म्हणून मराठी इराणची होत नाही, तसंच.

आकडे एकदाच सांगून टाकतो. २०११ च्या जनगणनेत बोडो भाषक १४ लाख ८२ हजारांच्या वर होते. व्हिएतनामच्या २०१९ च्या जनगणनेत एकट्या त्या देशातले ह्मोंग १३ लाख ९३ हजार. शिवाय चीन आणि लाओस आहेत, आणि १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन गेलेले अमेरिकेतले लोक आहेत. तिथे २०१० साली २ लाख ६० हजारांची नोंद झाली. बोडोला २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, डोगरी, मैथिली आणि संथाळीबरोबर. ह्मोंगला कुठल्याही देशात राष्ट्रीय पातळीवर तसा दर्जा नाही.

आता पाण्याकडे वळू.

दोन भाषांचं नातं कसं तपासतात हे नाशिककरांना समजावायला आसामात जावं लागत नाही. मालेगाव, सटाण्याकडची अहिराणी ऐका. आपला काळा तिथे काया होतो, डोळा डोया होतो, शाळा शाया होते. एका शब्दात असं झालं तर तो योगायोग म्हणता येईल. पण मराठीत जिथे जिथे ळ, तिथे तिथे अहिराणीत य असा नेम दिसला की मग ते नातं. शब्द सारखे ऐकू येणं महत्त्वाचं नाही. फरक नेमाने पडतोय का, हे महत्त्वाचं. तौलनिक भाषाशास्त्राचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

हाच नियम दै आणि दे यांना लावा. ह्मोंगच्या दोन मोठ्या बोली आहेत: पांढरी ह्मोंग आणि हिरवी ह्मोंग, जिला तिचे बोलणारे मोंग लेंग म्हणतात. (रंग बायकांच्या पोशाखावरून आले असं सहसा सांगतात.) पांढऱ्या बोलीत पाणी दे, कुत्रा दे, पांढरा दाउ, काळा दू. पाणी आणि कुत्रा यांच्यात फक्त सुराचा फरक: पाण्याचा सूर वरून खाली घसरतो, कुत्र्याचा मधून वर चढतो. हिरव्या बोलीत हेच शब्द द्ले, द्ले, द्लाउ, द्लू असे काहीसे होतात, म्हणजे जीभ दातामागे टेकवून हवा बाजूने सोडतात तो आवाज. चारही ठिकाणी नेमाने. याचा अर्थ पांढऱ्या ह्मोंगमधला हा द मुळात साधा द नाहीच. ल मिसळलेल्या जुन्या आवाजाची ती झिजलेली खूण आहे.

बोडोकडे बघा. बोडोत दै, दिमासात दि, त्रिपुरातल्या कोकबोरोकमध्ये तुइ, गारोत चि. या रांगेच्या मुळाशी त होता असं अभ्यासक मानतात. बोडोत त्याचा द झाला, गारोत च. वरच्या आसामातल्या दिहिंग, दिखौ, दिबांग या नद्यांच्या नावातला दि हेच पाणी आहे असं मानतात. थोडक्यात, एका भाषेतला द जुन्या त-पासून आला, दुसरीतला द ल-च्या जोडाक्षरापासून. दोन वेगळ्या गावांहून निघालेले दोघं एकाच फाट्यावर भेटले, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

शिवाय बोडोतलं दै आपण वाचतो तसं दय नाहीच. त्याचा उच्चार साधारण दुइ, तोही ओठ न गोल करता. देवनागरीच्या या फसवणुकीवर पुढे येतो.

खरं नातं कसं दिसतं? बोडोत घर म्हणजे न' (उच्चार नॉ), गारो आणि कोकबोरोकमध्ये नोक. बोडोत सहा म्हणजे द', त्या दोघींत दोक. शेवटचा क बोडोने नेमाने टाकून दिला. कानाला न' आणि नोक हे दै आणि दे एवढे जवळचे वाटत नाहीत, पण पुराव्याच्या तराजूत न'–नोक, द'–दोक ही जोडी जड, आणि दै–दे शून्य वजनाची. तुलना करायला बसणाऱ्याने एवढं पक्कं केलं तरी निम्मं काम झालं.

आकड्यांचा मामला मात्र खरोखर गमतीचा आहे. बोडोचे दहा आकडे असे: से, नै, थाम, ब्रै, बा, द', स्नि, दाइन, गु, जि. पांढऱ्या ह्मोंगचे, सूर बाजूला ठेवून, साधारण असे: ई, ऑ, पे, प्लाउ, ची, टाउ, श्या, यी, च्युआ, काउ. दोन आणि तीन बघा: नै–ऑ, थाम–पे. काही संबंध नाही. चारला मात्र ब्रै–प्लाउ: ओठांचा आवाज, त्याला चिकटून र किंवा ल. हा योगायोग नाही, आणि नातंही नाही. ह्मोंग-मिएन भाषांनी चार ते नऊ हे आकडे फार पूर्वी कुठल्यातरी तिबेटी-बर्मी भाषेकडून उचलले, असं त्या कुळाच्या अभ्यासकांचं मत आहे. शंभराचा शब्द चिनीतून आला. दोन-तीन स्वतःचे, वरचे उसने. बाजारात लागतात ते मोठे आकडे, आणि बाजार दुसऱ्याच्या भाषेत चालत असेल तर आकडेही त्याचेच होतात. आजच्या बोडोतही रोजच्या व्यवहारात मोठ्या संख्यांना असमिया शब्द सर्रास ऐकू येतात. म्हणून तुलनेच्या यादीत आकडे घ्यायचेच असतील तर तीनपर्यंत घ्या. चारच्या पुढचे वेगळ्या पानावर ठेवा, नाहीतर अख्ख्या यादीचा निकाल बिघडतो.

म्हणजे तीन प्रकारची साम्यं झाली. पाण्याचं साम्य योगायोगाचं, चारचं उसनवारीचं, आणि सूर किंवा मोजणीचे शब्द यांचं साम्य प्रदेशाचं. आग्नेय आशियात आणि त्याच्या कडेला या गोष्टी कुळांच्या भिंती ओलांडून पसरलेल्या आहेत. थाई आणि व्हिएतनामी भाषांतही त्या आहेत, आणि त्या दोघी आणखी वेगळ्या कुळांतल्या.

आता लिपी. मराठी वाचणारा सगळ्यात जास्त इथेच फसतो.

बोडो देवनागरीत लिहितात. यामागे मोठं भांडण आहे: बोडो साहित्य सभा १९५२ साली स्थापन झाली, १९६३ पासून प्राथमिक शाळांत बोडो माध्यम आलं, तेव्हा पुस्तकं असमिया लिपीत होती. १९७४ मध्ये रोमन लिपीसाठी आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. १९७५ मध्ये तोडगा म्हणून देवनागरी आली. म्हणजे ही लिपी बोडोच्या आवाजांचं माप घेऊन शिवलेली नाही, तडजोडीत मिळालेली आहे. तरीही बोडो लेखकांनी तिला चांगलं वळवून घेतलं, आणि आता तीच शाळेची, वर्तमानपत्राची लिपी आहे.

वाचताना काय काय बदलायचं ते सांगतो. पहिलं, अनुस्वार. मराठीत पुढच्या अक्षराप्रमाणे अनुस्वार बदलतो: अंबडमध्ये म, नांदूरमध्ये न. बोडोत शब्दाच्या शेवटचा अनुस्वार म्हणजे ङ. आं म्हणजे मी, उच्चार आङ. थां म्हणजे जा, उच्चार थाङ; पुढे प्रत्यय लागला की ते उघडच थाङो असं लिहितात. दुसरं, ओ. बोडोतला ओ हा ओ नव्हे. ऊ म्हणा, जीभ तिथेच राहू द्या आणि ओठ हसल्यासारखे पसरवा. जो आवाज येईल तो. नों म्हणजे तू. यातला स्वर तोच. ऐ-मध्येही तोच स्वर अधिक इ, म्हणून दै-चा उच्चार दुइ-च्या जवळ जातो. मग आपल्या ओळखीचा ओ कुठे गेला? तो अ-मध्ये बसला आहे. हर म्हणजे रात्र, उच्चार हॉरच्या जवळचा. अर म्हणजे अग्नी, उच्चार ऑर. बंगाली-असमियाची सवय इथे उपयोगी पडते, मराठीची नाही.

शब्दाच्या शेवटी हा अ आला तर वाचणारा तो गिळणार, आपण घर-मधला शेवटचा अ गिळतो तसा. म्हणून तिथे वर स्वल्पविराम काढतात: बर', न', द'. त्याला गोजौ कमा म्हणतात, म्हणजे वरचा स्वल्पविराम. बर' म्हणजे बोडो, उच्चार बॉरॉ. आपण बोडो लिहितो ते असमिया-हिंदीच्या वाटेने आलेलं रूप आहे.

ज दंत्य आहे, जहाज किंवा जरामधला, आणि थोडा जास्तच घासून. इंग्रजी झेडच्या जवळ. ख, थ, फ आपल्यासारखेच श्वास सोडून, पण क, त, प हे वेगळे आवाज म्हणून बोडोच्या मूळ शब्दांत जवळजवळ नाहीत. घ, झ, ध, भ नाहीत, आणि ट-वर्ग तर नाहीच. म्हणून एखाद्या बोडो शब्दात ठ किंवा भ दिसला तर तो बाहेरून आला आहे असं धरून चालायला हरकत नाही. यादी तपासताना ही चाळणी पहिल्या दहा मिनिटांत लावावी. असमिया आणि हिंदीतून आलेले बरेच शब्द तिथेच गळतात.

ह्मोंगची रोमन लिपी १९५१ ते १९५३ या काळात लाओसमध्ये तयार झाली. विल्यम स्मॉली, लिनवुड बार्नी आणि इव्ह बर्त्रे या तिघांनी ती बसवली. तिचं मला कौतुक वाटतं, कारण तिच्यात एकही चिन्ह अक्षराच्या वर किंवा खाली नाही. साध्या टाइपरायटरवर अख्खी भाषा उतरते. युक्ती अशी: ह्मोंगच्या मूळ शब्दांत शेवटी व्यंजन येतच नाही, फार तर ङ-सारखा अनुनासिक. म्हणजे रोमन शब्दाच्या शेवटची जागा रिकामीच होती. ती सुराला दिली. शेवटी बी असेल तर वरचा सपाट सूर, जे असेल तर वरून घसरणारा, व्ही असेल तर मधून चढणारा, एस असेल तर खालचा, जी असेल तर श्वासमिश्रित, एम असेल तर खाली जाऊन घशात तुटणारा. काहीच नसेल तर मधला. डी हा आठवा, एम-चाच भाऊ, ठराविक ठिकाणी येणारा.

पाठ्यपुस्तकी उदाहरण पॉ या अक्षराचं आहे. पी-ओ-बी म्हणजे चेंडू, पी-ओ-जे म्हणजे मादी, पी-ओ-व्ही म्हणजे फेकणं, नुसतं पी-ओ म्हणजे प्लीहा, पी-ओ-एस म्हणजे काटा, पी-ओ-जी म्हणजे वडिलांची आई, पी-ओ-एम म्हणजे दिसणं. सातही शब्दांत प आणि ऑ तेच. शेवटचं अक्षर उच्चारायचं नाही, गायचं. मराठी लेखांत ह्मोंग नावं पॉब, पॉस अशी उतरवलेली दिसतात ती यामुळेच, आणि ती साफ चूक आहेत.

बाकी अक्षरांतही खाचखळगे आहेत. आर हा र नाही, ट आहे. म्हणून सहाचा शब्द राउ दिसतो पण टाउ आहे. एक्स म्हणजे स. एस शब्दाच्या सुरुवातीला श, शेवटी सूर. डब्ल्यू हा चक्क स्वर आहे, आणि तो बोडोच्या त्या ओठ पसरलेल्या ओ-चा जवळचा शेजारी. योगायोग असा की बोडोच्या रोमन लेखनातही त्या स्वराला डब्ल्यूच वापरतात. बैसागु हा सण रोमनमध्ये शोधायचा तर बी-डब्ल्यू असाच सुरू होतो. ओ दोनदा किंवा ई दोनदा आलं तर लांब स्वर नव्हे, स्वरापुढे ङ. एच-एम-ओ-ओ-बी हे अक्षर-अक्षर वाचलं तर हमूब होतं. खरं ते ह्मोङ, वरच्या सपाट सुरात.

या ह्म-ला मराठी माणूस चटकन म्ह म्हणतो: म्हैस, म्हण, म्हसरूळ. जवळ गेलात, पण पोचला नाहीत. घशावर बोट ठेवून म्हसरूळ म्हणा. म-पासूनच घसा थरथरतो. ह्मोंगच्या ह्म-मध्ये सुरुवातीला थरथर नसते. ओठ मिटून नाकाने नुसती हवा सोडा, मग आवाज लावा. हिरव्या बोलीत हा सगळा खटाटोप नाही, तिथे सरळ मोंग. उलट जी-चा श्वासमिश्रित सूर आपल्याला फुकट मिळतो. युरोपीय शिकणाऱ्यांना तो महिनोन्‌महिने जमत नाही. आपण घर, भाकर, धार म्हणताना पहिल्या व्यंजनानंतरचा स्वर असाच श्वासाने भिजलेला असतो. तो श्वास स्वरभर टिकवायचा, एवढंच.

ह्मोंगला आणखीही लिप्या आहेत. शाँग ल्यू यांग या शेतकऱ्याने, ज्याला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती, १९५९ मध्ये पहावह नावाची लिपी घडवली. तिच्यात आधी स्वर लिहितात, मग व्यंजन, वाचताना मात्र उलट. आपली पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते त्याचंच हे टोक. १९७१ मध्ये त्याची हत्या झाली. लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. चीनमध्ये वेगळी रोमन लिपी आहे. तिच्यातही शेवटचं अक्षर सुराचंच, पण कोणतं अक्षर कोणत्या सुराला याची वाटणी निराळी. चीनमधल्या कोशातला शब्द आणि अमेरिकेतल्या कोशातला शब्द एकाच रकान्यात टाकले की गोंधळ ठरलेला.

वाक्यात मात्र बोडो आपल्या घरची वाटते. आं ओंखाम जायो: मी भात खातो. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. आं न'आव थाङो: मी घरी जातो, घरी-मधल्या ई-च्या जागी आव. षष्ठीला नि, द्वितीयेला खौ, तृतीयेला जों, सगळे नामाच्या मागे. काळही क्रियापदाला चिकटतात: जादों खातोय, जाबाय खाल्लं, जागोन खाईन. नकारही चिकटतो: थाङा जात नाही, थाङाखै गेला नाही. फक्त मनाईचा दा पुढे येतो: दा थां, जाऊ नको. लिंगाची कटकट नाही. तो, ती, ते-पैकी काय लावायचं हा प्रश्नच उरत नाही. मराठी येणाऱ्याने आठवडाभर बसून प्रत्यय घोटले तर साधी वाक्यं बनतात.

ह्मोंगमध्ये कू नॉ मॉ: मी खा भात. कू मू चे: मी जा घर. क्रियापद मधे, आणि त्याला काहीही चिकटत नाही. भविष्याला युआ हा सुटा शब्द क्रियापदाच्या आधी, नकाराला ची हा सुटा शब्द, तोही आधी. विशेषण नामाच्या मागे: ई लू चे लॉ, एक-लू-घर-मोठं (लू हा मोजणीचा शब्द). प्रत्ययांची सवय असलेला माणूस इथे चाचपडतो, कारण कोण कुणाला हे फक्त जागेवरून कळतं. शब्द हलला की अर्थ हलला.

मघाशी मोजणीच्या शब्दांना सारखं म्हटलं, ते वरवर. बोडोत मानसि साथाम: माणसं, माणसांचा वर्गशब्द सा, तीन. प्राण्या-पक्ष्यांना मा: दाउ मासे, एक पक्षी. फळांना थाइ, झाडांना फां. वर्गशब्द आकड्याच्या आधी जोडून, आणि दोन्ही मिळून नामानंतर. आपल्याकडे दोघं, तिघं, चौघं ही रूपं फक्त माणसांना चालतात, तीन खुर्च्यांना तिघं म्हणत नाही. त्या जाणिवेचा हा मोठा विस्तार आहे. ह्मोंगमध्ये क्रम उलटा: पे तू नेङ, तीन-तू-माणूस. आणि तिथला वर्गशब्द आकडा नसतानाही राहतो: लू चे म्हणजे ते अमुक घर, कू लू चे म्हणजे माझं घर. म्हणजे मोजणीखेरीज तो निश्चितता आणि मालकी दाखवायचंही काम करतो. बोडोत हे होत नाही. मोजणीचे शब्द आहेत की नाहीत असा एकच होय-नाहीचा रकाना ठेवला तर दोन्हींसमोर होय पडतं आणि हा सगळा फरक नाहीसा होतो.

दोन भाषांच्या तुलनेची शीट संगणकावर करायचीच असेल तर अशी करा. शंभर शब्द पुरतात: शरीराचे अवयव, पाणी, अग्नी, माती, सर्वनामं, खाणं-पिणं-मरणं अशी क्रियापदं. चहा, शाळा, मोबाइल, देवाधर्माचे शब्द नकोत. बोडोसाठी चार रकाने: देवनागरी रूप, खरा उच्चार, सूर, उसना असल्यास कुठून. ह्मोंगसाठी पाच: बोली, पूर्ण स्पेलिंग, शेवटचं सुराचं अक्षर काढून उरलेलं, सूर, उसना की नाही. सुराचं अक्षर वेगळं करायला शीटमधलं राइट फंक्शन (शेवटचं अक्षर काढून देणारं) पुरतं, पण स्वराने संपणारे शब्द हाताने तपासा. तिथे काढण्यासारखं काही नसतं आणि फंक्शन बिनदिक्कत स्वरच उडवतं.

बोडोच्या गोजौ कमाचा वेगळा ताप आहे. कुणी साधं एकेरी अवतरण टाइप करतं, कुणी वाकडं उघडणारं, कुणी वाकडं बंद होणारं. युनिकोडप्रमाणे योग्य अक्षर ०२बीसी या क्रमांकाचं आहे. डोळ्याला सगळे सारखे, यंत्राला चार वेगळे शब्द. बर' शोधून काही सापडत नाही तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. शीटमध्ये आधी सगळे एकाच चिन्हात बदलून घ्या, मग पुढचं काम.

ह्मोंग कोशात शब्द सापडत नसेल तर जोडशब्दाचा संशय घ्या. डुक्कर म्हणजे न्पुआ, मधल्या सुरात, म्हणजे शेवटी अक्षर नाही. पण डुकराचं मांस म्हणताना मांसाचा शब्द आधी येतो, त्याचा सूर जे-चा, आणि त्या सुराच्या धक्क्याने नंतरच्या न्पुआचा सूर खाली जातो, स्पेलिंगला एस लागतो. वाचणारा तो एस धरून कोशात शोधतो आणि हात हलवत परत येतो. आधीच्या शब्दाच्या शेवटी बी किंवा जे दिसला की पुढच्या शब्दाचं मूळ रूप वेगळं असू शकतं, हे ध्यानात ठेवा.

उरला बोडोचा सूर. तो लेखनात दिसतच नाही. सूर दोन आहेत असं बहुतेक अभ्यासक म्हणतात, काही जण जास्त मोजतात. रान हा एकच शब्द एका सुरात वाळणं, दुसऱ्यात वाटणं. त्यामुळे सुराचा रकाना ऐकूनच भरावा लागतो. नाशिकच्या अंबड, सातपूरला कामाला आलेल्या आसामच्या मुलांत बोडो बोलणारा सापडू शकतो, पण आसामचा म्हणजे बोडो असं धरू नका. असमिया, राभा, मिसिंग, कार्बी, बंगाली, कुणीही असेल. घरात कोणती भाषा बोलता, एवढं सरळ विचारावं. ह्मोंग बोलणारा आपल्याकडे भेटणं कठीण. तिथे अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिनमधल्या ह्मोंग लोकांच्या ध्वनिफितींवर भिस्त. गूगलच्या भाषांतरात ह्मोंग आणि मराठी मे २०१३ मध्ये एकाच वेळी आल्या, पण सुरासाठी त्याचा काही उपयोग नाही.

समोरच्याला शब्दांची यादी सरळ वाचायला देऊ नका. यादी वाचताना प्रत्येक शब्दाला माणूस आपोआप आवाज चढवतो आणि शेवटच्याला पाडतो. तुम्ही नोंदता तो यादीचा सूर, शब्दाचा नाही. एक ठरलेलं वाक्य घ्या. बोडोत आं अमुक बुङो, म्हणजे मी अमुक म्हणतो. शब्द मधे बसतो आणि दोन्ही बाजूंना तेच आवाज राहतात. ह्मोंगमध्ये कू हाय तिआ आणि मग शब्द. तिआ-चा सूर एस-चा आहे, तो पुढच्याला धक्का देत नाही, म्हणून हेच वाक्य सोयीचं. प्रत्येक शब्द तीनदा घ्या, दर वेळी क्रम पिसून, आणि एका बैठकीत तीस-चाळीसपेक्षा जास्त नको. त्यानंतर बोलणारा कंटाळतो आणि सगळे सूर सपाट होत जातात.

शोधताना भाषेच्या नावापेक्षा तिचा तीन अक्षरी संकेत वापरा: बोडोला बी-आर-एक्स, पांढऱ्या ह्मोंगला एम-डब्ल्यू-डब्ल्यू, हिरव्या बोलीला एच-एन-जे. नुसतं बोडो टाकलं की ओडिशातली बोडो परजा मधे येते, जिचा आसामच्या बोडोशी काडीचा संबंध नाही. चीनमधल्या ह्मोंगचं साहित्य मिआओ या सरकारी नावाखाली सापडतं, पण त्या नावात ह्मोंगला न कळणाऱ्या दुसऱ्या भाषाही येतात. आणि मेओ हे जुनं नाव लाओस-थायलंडमधल्या ह्मोंगांना अपमानाचं वाटतं. मराठीत लिहिताना ते टाळावं.